पटावरचं दुसरं नाव

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की ती जिथे घडली त्या राज्याचं नाव आता कुणालाच सांगता येत नाही. गोष्ट मात्र राहिली.

त्या राज्यात पाठशाळा नव्हत्या. मुलांना शिकवायचं ते घरीच, आईबापांनी. त्यासाठी एक रीत होती. ज्या घरात सात वर्षांवरचं मूल असेल, त्या घराने वर्षाच्या पहिल्या दिवशी दारावर एक पांढरं कापड टांगायचं. त्याला अभ्यासपट म्हणत. त्यावर बारा महिन्यांचे बारा चौकोन असत. कुठल्या महिन्यात मूल काय शिकणार ते चौकोनात लिहायचं आणि त्याखाली शिकवणाऱ्याचं नाव.

बहुतेक पटांवर आईचं किंवा बापाचं नाव असे. पण शेजाऱ्याने, आत्याने, वाटसरूनेसुद्धा मुलाला काही शिकवलं तर त्याचंही नाव पुढच्या वर्षीच्या पटावर चढवायचं, असा दंडक होता. शिकवल्याबद्दल धान्य नाही, कापड नाही, काही द्यायचं नाही आणि घ्यायचं नाही. पटावर नाव चढलं, हाच मान. वर्ष संपलं की गावची सगळी मुलं खळ्यावर जमत आणि शिकलेल्यापैकी एक काहीतरी करून दाखवत.

अशा त्या राज्यात, डोंगराच्या उतारावरच्या एका गावात आवडी नावाची मुलगी राहत होती. तिचे वडील मिठाच्या तांड्याबरोबर वर्षातले आठ महिने बाहेर असत. घरात आवडी आणि तिची आई, दोघीच.

आई वैद्याची मुलगी होती. तिच्या वडिलांनी तिच्या भावांना शिकवलं, तिला शिकवलं नाही. ती माजघरात दळण दळताना भिंतीपलीकडचे धडे ऐकत असे आणि भावांनी गिरवलेलं नंतर चोरून पाहत असे. भाऊ सगळं विसरून गेले, तिच्या मात्र लक्षात राहिलं. पाला हातात चुरून वासावरून नाव सांगावं, तर तिनेच. अक्षर काढावं, तर तिनेच. तिला कुणी हाताला धरून शिकवलं नव्हतं, म्हणून आपल्या मुलीला आपण हाताला धरून शिकवायचं, असं तिने आवडी पाळण्यात असल्यापासून ठरवलं होतं.

आवडीला सातवं सरलं, तेव्हा आईने पहिला पट करायला घेतला. दहा दिवस ती त्याच कामात होती. आधी कोळशाने लिहायची, ओल्या फडक्याने पुसायची, पुन्हा लिहायची. वैशाखात बाहेर पाय भाजतात, तेव्हा घरात बसून अक्षरं. आषाढ-श्रावणात पाल्यांची ओळख, कारण ते तेव्हाच उगवतात. भाद्रपदात पाठांतर. थंडीत मुळ्या खणणं आणि वाळवणं. मोजणी आणि आकडे तिने माघातल्या एका चौकोनात कसेबसे बसवले, कारण ते तिला स्वतःलाच फारसे येत नव्हते. सगळं मनासारखं झाल्यावर तिने शाई उगाळली आणि बाराही चौकोनांखाली एकच नाव लिहिलं. आई.

गावात सगळ्यांत वयाने मोठी एक बाई होती. तिला सगळे थोरली म्हणत. पाडव्याला दारोदार जाऊन पट वाचायचं काम तिचं. आवडीच्या दारापुढे ती बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली की इतका विचार करून केलेला पट तिने गावात पाहिला नव्हता. आईला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

त्याच वर्षी गावात एक म्हातारा परत आला. तो गवंडी होता. तरुणपणी गाव सोडून गेला आणि दूरदेशी विहिरी, पायऱ्या, तळी बांधत चाळीस वर्षं हिंडला. त्याला ना बायको, ना मूल. आता हात थकले म्हणून तो आपल्या जुन्या घरी येऊन राहिला. ते घर आवडीच्या घराला लागूनच होतं, मध्ये फक्त निवडुंगाचं कुंपण.

एकदा आईने आवडीच्या हाती त्याच्याकडे ताक पाठवलं. आवडी गेली ती दोन घटका परतलीच नाही. आली तेव्हा तिचे हात मातीने भरले होते आणि डोळे चमकत होते. गवंडीबाबा अंगणात ओटा घालत होते, तिने खुंटी धरली होती. त्यांच्याकडे एक दोर आहे. त्याला गाठी आहेत. तो ताणला की जमिनीवर कोपरा उमटतो. वाकडा नाही, तिरका नाही, अगदी सरळ कोपरा. ती हे सगळं एका दमात सांगून मोकळी झाली आणि उद्या पुन्हा जाऊ का, असं तिने विचारलं.

आईने हो म्हटलं. त्यात नाही म्हणण्यासारखं तेव्हा काही नव्हतं.

मग आवडी रोज दुपारी कुंपणापलीकडे जाऊ लागली. आईचे धडे ती चुकवत नसे. पाठांतर करी, पाला ओळखी, अक्षर गिरवी. पण धडा संपता संपता तिची नजर दाराकडे वळे. जेवताना ती बोलू लागली की दर दुसऱ्या वाक्याला बाबा म्हणतात, असं येई. पाणी नेहमी सपाट असतं, भिंत नसते, बाबा म्हणतात. विहीर गोल असते, कारण गोल भिंत एकमेकीला धरून राहते, बाबा म्हणतात.

आई भाकरी वाढत राही. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते इतकंच, की आपण शिकवलेलं ही दुसऱ्या कुणाला असं सांगत असेल का?

ते खात्री करून घेण्यासारखं होतं, पण तिने ते केलं नाही. ती फक्त पाहू लागली. कपडे वाळत घालताना कुंपणातून पाही. म्हातारा खाली बसलेला असे, आवडी दोर धरून उभी असे आणि दोघं हसत असत. आपल्यापाशी ही अशी कधी हसली होती, हे आई आठवू लागे आणि तिला आठवत नसे. खरं तर आवडी तिच्यापाशी पुष्कळदा हसली होती. पण मत्सराची नजर अशीच असते. तिला दुसऱ्याच्या पानातलं सगळं दिसतं, आपल्या पानातलं काही दिसत नाही.

पाणवठ्यावर एक दिवस एक शेजारीण सहज म्हणाली, “गवंडीबाबांनी पोरीला किती हुशार केलं हो तुमच्या.”

आईने घागर उचलली आणि ती घरी आली. वाटेत तिचं अर्धं पाणी सांडलं. अक्षर आपण शिकवलं, शंभर पाले आपण शिकवले, आणि हुशार केलं ते म्हाताऱ्याने! त्या दिवसापासून ती धडे लांबवू लागली. एक पाठ झाला की दुसरा देई. ओळ बरी आली तरी पुन्हा लिहायला लावी. आवडी सगळं करी. पण सूर्य कलला की ती तरीही धावत जाई, आणि उरलेल्या थोड्या वेळात जे मिळेल ते घेऊन येई.

वर्ष संपत आलं. खळ्यावर आवडीने चाळीस पाले डोळे मिटून ओळखून दाखवले. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. आईचा जीव सुखावला. आता नव्या वर्षाचा पट मांडायचा होता.

या खेपेला आवडी जवळ येऊन बसली. तिने कोळशाचा तुकडा हातात घेतला आणि म्हणाली, “आई, मोजणीला एकच महिना नको. चार दे. आणि खाली गवंडीबाबांचं नाव लिही. त्यांचं नाव आजवर कुणाच्याच पटावर नाही. ते म्हणाले नाहीत, पण मला माहीत आहे, त्यांना आवडेल.”

आई पटाकडे पाहत राहिली. पांढऱ्या कापडावर आपल्या नावाशेजारी दुसरं नाव तिला दिसू लागलं. ते दारावर टांगलेलं दिसलं. थोरली ते मोठ्याने वाचते आहे, असंही दिसलं. तिने मुलीला एवढंच सांगितलं की बघू, आधी बाबांना विचारायला हवं, मी विचारून येते.

ती खरोखरच गेली. म्हातारा ओट्यावर बसून दोराला तेल लावत होता. तिला पाहून तो उठला आणि तिने काही बोलायच्या आत स्वतःच बोलू लागला.

“सूनबाई, बरं झालं आलीस. मीच येणार होतो. पोरीच्या हातात आणि डोळ्यात माप आहे. असं मूल मी चाळीस वर्षांत दोनदा पाहिलं. माझ्या डोळ्यांवर आता साय धरतेय. वर्षभर तरी दिसेल असं वाटतं. तेवढ्यात तिला देता येईल ते सगळं देऊन टाकतो. दोराला गाठी कशा मारायच्या ते तर अजून दाखवायचंच आहे.”

आईने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. ती वैद्याची मुलगी होती. तिला एका नजरेत कळलं की वर्ष नाही, आठ महिनेदेखील पुरते नाहीत. गावात हे कळणारी ती एकटीच होती.

आणि तरीही ती म्हणाली की आवडीचं मन आता मोजणीत राहिलेलं नाही. तिला कंटाळा आला आहे, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तोंडावर सांगायला लाजते. तुम्हीही विषय काढू नका, तिला अवघडल्यासारखं होईल.

 म्हातारा म्हणाला की पोरांचं असंच असतं, त्यात वाईट काय वाटायचं. आणि पुन्हा खाली बसून दोराला तेल लावू लागला, जरी तेल लावून झालेलं होतं.

घरी येऊन आईने मुलीला दुसरं खोटं सांगितलं. बाबा म्हणाले, पोर मठ्ठ आहे. एकच गोष्ट दहादा सांगावी लागते. आता माझ्याच्याने होत नाही, तिला पाठवू नका.

आवडीच्या हातात कोळसा तसाच होता. तिने विचारलं, “मठ्ठ म्हणाले?”

“हो,” आई म्हणाली, आणि तिला जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवू लागली. मोजणी मी शिकवीन म्हणाली. चार महिने देऊ. मी आहे ना.

पट तयार झाला. त्यात मोजणीचे चार चौकोन होते आणि बाराही चौकोनांखाली एकच नाव. पाडव्याला म्हातारा काठी टेकत आवडीच्या दारावरून गेला. पट वाचण्याइतकं त्याला अजून दिसत होतं. तो वाचून पुढे गेला, कुठे थांबला नाही.

शब्द दिला होता, म्हणून आईला मोजणी शिकवणं भाग होतं. कुंपणातून तिने जे पाहिलं होतं तेवढ्यावर तिने काम भागवायचं ठरवलं. आवडी त्या दोराला बाराचा दोर म्हणायची, हे तिच्या लक्षात होतं. म्हणून तिने एक लांब दोर घेतला आणि वीतवीतभर अंतरावर मोजून बारा गाठी मारल्या. पहिल्या गाठीला एक खुंटी, चौथीला दुसरी, आठवीला तिसरी, मग दोराचं शेवटचं टोक पुन्हा पहिल्या खुंटीला आणायचं. हे तिने लपून बरोबर पाहिलं होतं. एकच गोष्ट कुंपणातून दिसली नव्हती. बारा हा आकडा गाठींचा नव्हता, गाठींमधल्या घरांचा होता. बारा घरं हवीत तर गाठी तेरा लागतात.

आवडीने दोर ताणला. कोपरा सरळ आला नाही. तो आत झुकला.

तिने आईला तसं सांगितलं. आई म्हणाली, तू ढिला धरलास. आवडीने पुन्हा ताणला. इतका ताणला की तळव्यावर वळ उठले. कोपरा झुकलेलाच राहिला. आई म्हणाली, लक्ष नाही तुझं.

आईला दोराबद्दल शंका आली नाही असं नाही. एका दुपारी मुलगी झोपली असताना तिने स्वतः खुंट्या ठोकून पाहिल्या, आणि कोपरा वाकडाच आला. कुंपणापलीकडे म्हातारा बसलेला होता. वीस पावलं जाऊन विचारलं असतं तर काम होणार होतं. पण विचारायला गेलं की सगळंच विचारावं लागणार होतं. तिने खुंट्या उपटल्या आणि माती पायाने सारखी केली.

चार महिने असेच गेले. आवडीने हळूहळू एक गोष्ट मनाशी पक्की केली. बाबांना आपण मठ्ठ वाटलो, आईच्या दोरानेही आपल्याला जमत नाही, म्हणजे आपण मठ्ठच असलो पाहिजे. तिने प्रश्न विचारणं सोडलं. मोजणीपुरतं नाही, सगळंच. पाला हातात दिला तर नाव सांगे, पण हा इथेच का उगवतो, हे पूर्वीसारखं विचारत नसे. जेवताना ती आता काही बोलत नसे. बाबा म्हणतात, हे शब्द घरात उरले नाहीत. आईला वाटलं होतं की ते गेल्यावर घर पुन्हा आपल्या दोघींचं होईल. घर नुसतं शांत झालं.

ती कधी कुंपणापाशी उभी राहून पलीकडे पाही. म्हातारा दिसला की मान फिरवून आत येई. म्हाताऱ्याला वाटे, कंटाळा मोजणीचा नव्हता, तिला आपलाच कंटाळा आला. दिवाळी झाल्यावर तर तो कुंपणाकडे पाहीनासा झाला. त्याला कुंपण दिसतच नव्हतं.

पुन्हा वर्ष सरलं. खळ्यावर गाव जमलं. एक मुलगा बासरी वाजवून गेला, एका मुलीने घोंगडीचा काठ विणून दाखवला. थोरलीने आवडीला हाक मारली आणि म्हणाली की तुझ्या पटावर मोजणीचे चार महिने होते. खळ्याच्या कडेला आपण कडब्यासाठी ओटा घालणार आहोत, त्याची चौकट आखून दाखव.

आईने पुढे होऊन सांगितलं की तिला पाले जास्त चांगले येतात, पाल्यांचं विचारा. थोरली म्हणाली की पाले मागच्या वर्षी झाले.

आवडीने आईने केलेला दोर घेतला. पहिला कोपरा आखला, दुसरा, तिसरा. चौथी रेघ मारत ती आली, तर रेघ पहिल्या खुंटीला भेटलीच नाही. ती भलतीकडेच गेली. काही मुलं हसली. आवडी दोर हातात धरून उभी राहिली. ती रडली नाही. अपेक्षेप्रमाणेच झालं, असा तिचा चेहरा होता, आणि नऊ वर्षांच्या मुलीचा तसा चेहरा पाहणं रडण्यापेक्षा वाईट होतं.

गर्दीच्या मागे म्हातारा बसला होता. त्याला काही दिसलं नव्हतं, पण हसणं ऐकू आलं होतं. काय झालं, म्हणून त्याने शेजारच्याला विचारलं. मग तो उठला, काठीने चाचपत पुढे आला आणि त्याने दोर मागितला. आवडीने तो त्याच्या हातात ठेवला. त्याने एकेक गाठ बोटांनी मोजली. टोकापर्यंत गेला, परत मागे आला, पुन्हा मोजली.

“एक गाठ कमी आहे,” तो म्हणाला. “पोरी, तू बरोबर ताणलास. दोर चुकलाय.”

आवडीने वर पाहिलं. वर्षभर तिने जे गिळलं होतं, ते त्या एका क्षणी तोंडातून बाहेर आलं.

“मग तुम्ही मला मठ्ठ का म्हणालात?”

म्हाताऱ्याला काही कळेना. आवाजाच्या दिशेने तोंड करून तो म्हणाला, “मी? मला तर सांगितलं होतं की तुलाच यायचं नाही.”

 कुणी सांगितलं, हे कुणाला विचारावं लागलं नाही. थोरलीने फक्त आवडीच्या आईकडे पाहिलं आणि मग एकेक करत सगळ्यांनी पाहिलं. आवडीने सगळ्यांत शेवटी पाहिलं.

आईला खोटं बोलता आलं असतं. म्हातारा आंधळा होता, मुलगी लहान होती, तिचा गैरसमज झाला म्हणून सांगता आलं असतं. पण दोर अजून म्हाताऱ्याच्या हातात होता आणि मुलीच्या तळव्यावरचे वळ तिला दिसत होते. ती म्हणाली, “मी सांगितलं. दोघांनाही मीच सांगितलं. तिला दुसऱ्या कुणी शिकवलेलं मला सोसवत नव्हतं.”

आणि जे कुणालाच माहीत नव्हतं, तेही तिने सांगून टाकलं. तुमच्या डोळ्यांना किती दिवस उरलेत, ते मला त्याच दिवशी दिसलं होतं.

 म्हातारा चिडला नाही. त्याने हाताने चाचपून आवडीचं डोकं शोधलं, त्यावर हात ठेवला आणि तिला उद्यापासून यायला सांगितलं. पण जाता जाता तो थोरलीला हळूच म्हणाला की ओळंबा सोडून भिंत उभी सरळ आहे का ते कसं पाहायचं, दगड जिथे फुटतो ती शीर कशी ओळखायची, पाण्यावरून सपाटी कशी घ्यायची, ही सगळी डोळ्यांची विद्या आहे. बोटांनी जेवढं देता येईल तेवढंच आता देता येईल.

आवडी जाऊ लागली. म्हातारा बोटांनी शिकवी, ती डोळ्यांनी पाही. गाठी मारायला शिकली, दगड वाजवून ऐकायला शिकली. उरलेलं त्या म्हाताऱ्याबरोबर गेलं. पुढच्याच हिवाळ्यात तो वारला.

आवडीच्या पटावर मात्र त्या वर्षी त्याचं नाव चढलं होतं. आईनेच ते लिहिलं, आपल्या नावाच्या वर, ठसठशीत. त्याला वाचता येणार नव्हतं म्हणून तिने त्याचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं. पुढच्या वर्षांत तिने इतरांचीही नावं लिहिली. कोष्ट्याचं, मेंढ्यांच्या जखमा बांधणाऱ्या धनगरणीचं, एका वाटसरूचं. ती बदलली होती, आणि मनापासून बदलली होती. गावाने तिला क्षमा केली. म्हाताऱ्याने तर पहिल्याच दिवशी केली होती. आवडीनेही केली असेल. ती आईशी कधी उलट बोलली नाही, तिची सेवा करण्यात कमी पडली नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही.

आवडी तेरा वर्षांची असताना एकदा रानातून येताना तिचा पाय चिरला. जखम खोल होती. घरापर्यंत रक्ताचे थेंब पडत आले. आई धावत परसात गेली आणि तिने पाला खुडून आणला. हाच पाला तिने आवडीला पहिल्या श्रावणात शिकवला होता. त्या विद्येत सगळ्या पंचक्रोशीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिने पाला तळहातावर चुरला, रस काढला आणि ती मुलीच्या पायाशी बसली.

आवडीने पाय मागे घेतला.

“थांब जरा,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “हाच पाला ना, ते मी एकदा धनगरणीला विचारून येते.”

आणि ती न चुरलेलं एक पान उचलून, दाराला धरत, रक्त गळत्या पायाने लंगडत निघाली. आई चुरलेला पाला ओंजळीत धरून तिथेच बसून राहिली. रस तिच्या बोटांमधून खाली ठिबकत होता. मुलगी धनगरणीच्या झोपडीपाशी पोचली, पाला बरोबर असल्याचं तिथून ऐकून परत आली आणि मग तिने पाय पुढे केला. आईने जखम बांधली.

मुलाने फक्त माझ्याकडूनच शिकावं म्हणून जो खोटं बोलतो, त्याने खरं सांगितलं तरी मूल ते पुढे दुसऱ्याला विचारूनच घेतं.